काही नाही निघालं

जुने सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला दिवसातून एकदा तरी एक वाक्य बोलावंच लागतं: "नाही हो, काही नाही निघालं."

त्याचं असं आहे, की घरात जे जे म्हणून हरवतं ते शेवटी सोफ्याच्या पोटात गेलं असणार, अशी अख्ख्या जगाची समजूत आहे. अंगठी, कानातलं, कपाटाची किल्ली, सगळं. सोफा दुकानात येऊन टेकतो न टेकतो तोच गिऱ्हाईक दारात: "काही निघालं का हो?" खरं तर निघतात ते कंगवे, पेनांची टोपणं, गोळ्यांचे चिकट कागद आणि सुटी नाणी. एकदा एक अख्खी कवळी निघाली होती. तिला मालक मिळाला नाही. इतकी वर्षं तोंडात बाळगलेली वस्तू चारचौघांत ओळखायला घरातलं कोणीच तयार होईना. अशा धंद्यात कारागीर लवकर शहाणा होतो. कंगवा निघाला म्हणून सांगावं, तर लगेच "मग अंगठी कुठंय?" त्यापेक्षा कंगवा बरणीत, नाणी चहाला, आणि गिऱ्हाइकाला ते एक वाक्य.

या गोष्टीतले मिस्त्री हे वाक्य इतकी वर्षं बोलत आले होते, की खऱ्याखोट्याशी त्याचा काही संबंधच उरला नव्हता. "कसं काय?" असं कोणी विचारलं की आपण "मजेत" म्हणतो, तसं. म्हणताना आपल्याला कुठे मजा येत असते?

एका दुपारी मिस्त्रींचा मेव्हणा, जो दुकानात त्यांच्याच हाताखाली काम करायचा, एका घरी खुर्चीची मापं घ्यायला म्हणून गेला आणि खुर्चीच घेऊन आला. उंच पाठीची, लाकडी हातांची, बसणाऱ्याला टोचून टोचून वाचायला लावील अशी खुर्ची. घर दोन बहिणींचं होतं. थोरली निवृत्त ग्रंथपाल. धाकटी टेलिफोन खात्यातली. तिने जन्मभर लोकांचे एकमेकांशी फोन जोडून दिले होते. दोघींनी लग्नं केली नव्हती. एकाच घरात इतकी वर्षं कुरकुर करत एकत्र राहायचं असेल तर त्याला लग्नच कशाला हवं, असं धाकटी म्हणायची. त्या दिवशी थोरली डोळे तपासायला गेली होती, आणि ती परत येण्याआधी खुर्ची घराबाहेर गेली तर "अजून दहा वर्षं चालेल" हे तिचं वाक्य ऐकावं लागणार नाही, असा धाकटीचा साधा हिशोब होता.

मिस्त्रींनी खुर्ची उलटी केली, खालचं कापड उसवलं आणि स्प्रिंगांच्या मधून हात आत घातला. हाताला कंगवा लागला नाही. लागलं ते मेणकापडात गुंडाळून नाडीने बांधलेलं पुडकं. नाडी सोडली, तर आत नोटा. चांगल्या जाड.

मिस्त्रींनी पुडक्याकडे बघितलं. दुकानाचा नेम पडलेल्या वस्तूंपुरता होता. ही वस्तू पडलेली नव्हती, ठेवलेली होती. बाई येतील तेव्हा त्यांच्या हातात द्यायची, असं त्यांनी जागच्या जागी ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे मिस्त्रींना ते स्वतःलाच बरेचदा सांगावं लागलं. तोवर पुडकं त्यांनी खिळ्यांच्या डब्यात खाली सरकवलं. मेव्हण्याच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना शंका नव्हती, तोंडाबद्दल होती.

डब्याचं झाकण लागलं आणि फोन वाजला.

"मिस्त्री, मी बोलतेय, खुर्चीवाली. मोठी. खुर्ची तुमच्याकडे आलीय म्हणे?"

"आलीय की बाई."

"उघडलीत?"

"हो, आत्ताच."

पलीकडे जरा थांबून, घसा साफ करून, अगदी सहज विचारल्यासारखं: "काही निघालं का हो?"

"नाही हो बाई, काही नाही निघालं."

वाक्य तोंडातून गेलंसुद्धा. जीभ घसरल्यावर माणसाला थोडा अवधी मिळतो. तेवढ्यात "अहो, थांबा थांबा" म्हटलं तर ती घसरलेली जीभ. तो अवधी गेला की तेच खोटं. मिस्त्री फोन कानाला लावून त्या अवधीत नुसते उभे राहिले.

"बरं," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

उलट फोन करावा, हे मिस्त्रींना लगेच सुचलं. पण सांगणार काय? "सवयीने नाही म्हणालो"? त्यावर बाई विचारणार, "मग आजवर किती जणांना सवयीने म्हणालात?" उद्या प्रत्यक्ष भेटून सांगू, असं त्यांनी ठरवलं. आणि ठरवता ठरवता, मागच्या दाराने यावा तसा दुसरा एक विचार आत आला. चौकाच्या पुढे एका दुकानात शिलाईचं एक जुनं पण दणकट मशीन विकायला ठेवलं होतं. चामडं शिवणारं. त्याच्याकडे मिस्त्री जाता-येता बघायचे, लग्न झालेल्या माणसाने बघावं तसं: चोरून आणि थोडक्यात. त्या पुडक्यात ते मशीन बसत होतं.

मिस्त्रींनी तो विचार हाकलून दिला. पण तो फार लांब गेला नाही, दुकानातच एका स्टुलावर बसून राहिला. "मी घेतलेलं नाही, फक्त अजून दिलेलं नाही," असं मिस्त्री त्याला अधूनमधून सांगत. तो मान डोलवायचा. पुढचे काही दिवस मिस्त्रींनी लहान खिळ्यांचं कामच काढलं नाही. मेव्हण्याने डबा मागितला की ते म्हणत, "थांब, मी देतो," आणि पाठ करून मोजके खिळे काढून देत. मेव्हण्याला वाटलं, खिळे महागले.

खुर्चीचं सगळं काम मेव्हण्यानेच केलं, आणि झकास केलं. दोघं ती पोचवायला गेले.

दार धाकटीने उघडलं. थोरली आत टेबलापाशी वर्तमानपत्र धरून बसली होती. डोळे अक्षरांवर होते पण हलत नव्हते. खोलीत पुस्तकांची कपाटं, त्यांवर विषयवार चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मसाल्यांच्या बरण्यांवरही तशाच.

"मिस्त्री," धाकटी म्हणाली, "त्यांना विचारा, खुर्ची कुठे ठेवायची. आपल्या मनाने काही केलं की आमच्यावर आळ येतो."

'त्या' हाताच्या अंतरावर बसल्या होत्या.

"मिस्त्री, तिला सांगा, पूर्वीच्या जागी," थोरली वर्तमानपत्रामागून म्हणाली. "आमच्याकडे पूर्वी वस्तू पूर्वीच्या जागी असायच्या."

मेव्हण्याला यातलं काही उमजलं नाही. त्याने धाकटीकडे वळून अदबीने निरोप पोचवला: "धाकट्या बाई, त्या म्हणतात, पूर्वीच्या जागी."

"ऐकलं हो मी. बहिरी नाहीये. चोर आहे फक्त."

"मिस्त्री, तिला सांगा, मी तो शब्द वापरलेला नाही."

"मिस्त्री, त्यांना विचारा, मग कुठला वापरलाय? शब्दकोशात बघून सांगा म्हणावं, घरात चार आहेत."

मेव्हणा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे मान फिरवत होता. मिस्त्री खुर्चीच्या पायाखाली नसलेली धूळ पुसत बसले.

निघताना धाकटी जिन्यापर्यंत आली. मेव्हणा पुढे उतरून गेला होता.

"ताईने त्या खुर्चीत पैसे ठेवले होते म्हणे. बँकेवर तिचा विश्वास नाही, तिथे लोक मोठ्याने बोलतात. म्हातारपणासाठी साठवले म्हणते. चौऱ्याहत्तरी उलटली, पण म्हातारपण अजून यायचंय तिचं. मला यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं हो! आता म्हणते, मीच काढून घेतले आणि गाजावाजा नको म्हणून खुर्ची घाईघाईने तुमच्याकडे पाठवली."

मिस्त्रींनी जिन्याचा कठडा धरला.

"मी म्हटलं, अगं, मिस्त्रींना विचार. तर म्हणाली, विचारलं. ते नाही म्हणाले, आणि ते कशाला खोटं बोलतील?" धाकटीने पदराने नाक पुसलं आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "तुम्हाला खरंच नाही ना काही दिसलं? काथ्यात, कापसात, कुठे अडकलेलं?"

"नाही," मिस्त्री म्हणाले.

पहिलं 'नाही' सवयीने म्हटलं होतं, असं ते देवासमोरही सांगू शकले असते. हे दुसरं त्यांनी स्वतः, शुद्धीत, एका रडवेल्या बाईच्या डोळ्यांत बघून म्हटलं होतं. खाली मेव्हणा आनंदात होता. "दाजी, खुर्ची काय दिसतेय ना त्या घरात!"

त्या दिवसापासून मिस्त्रींना सगळीकडे दोन बहिणी दिसू लागल्या. दुकानासमोरून दोघी बायका बोलत गेल्या, की त्यांना बरं वाटायचं. एकटी गेली, की घास अडकायचा. चौकापुढच्या त्या मशीनच्या दुकानावरून ते जाईनासे झाले. लांबच्या रस्त्याने घरी येत. स्टुलावरचा विचार मात्र तिथेच होता, आणि आता तो मान डोलवत नव्हता, नुसता बघायचा.

शेवटी बिंग फोडलं ते आरशाने. घरातला आरसा पडला, म्हणून मिस्त्रींची बायको दुकानात खिळा घ्यायला आली. मिस्त्री चहा सांगायला बाहेर गेले होते. परत आले तेव्हा बायको खिळ्यांच्या डब्यासमोर उभी होती. एका हातात खिळा, दुसऱ्या हातात पुडकं.

"हे काय आहे?"

"ते... द्यायचं राहिलंय."

"राहायला ती काय उधारी आहे? कुणाचं आहे?"

मिस्त्रींनी सांगितलं. पहिलं 'नाही' सांगितलं, मशीनचं सांगितलं, जिन्यातलं दुसरं 'नाही' सगळ्यांत शेवटी, पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं. बायको ऐकत स्टुलावर बसली, आणि तिथे आधीपासून बसलेल्याला उठावं लागलं.

"म्हणजे त्या बिचाऱ्या म्हातारीला सख्खी बहीण चोर म्हणतेय," ती म्हणाली, "आणि चोर इथे चहा सांगत फिरतोय."

"अगं, हळू बोल. मी चोर नाही."

"मग कोण? खजिनदार? निघा. आत्ता जाऊन देऊन या."

"काय सांगून देऊ? दोनदा नाही म्हणालोय. गल्लीत कळलं तर एक स्टूलसुद्धा कोणी आणून टाकणार नाही. दुकानाचं नाव जाईल."

दुकानाला नाव नव्हतं. 'खुर्च्या व सोफे दुरुस्त करून मिळतील' एवढीच पाटी होती. पण ते जाईल म्हटल्यावर बायकोही विचारात पडली. नवरा चोर आहे हे एक वेळ चालतं; तो सापडला तर दोन मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न येतो. ती थोडा वेळ खिळ्याने नख कोरत राहिली. मग म्हणाली:

"खुर्चीतून निघालं ना? मग खुर्चीतूनच निघू दे."

"म्हणजे?"

"जा, सांगा, खुर्ची करकरतेय असा संशय आहे, एकदा बघून जातो. त्यांच्यासमोर उघडा, आत हात घाला, आणि 'अरेच्चा' म्हणा. बहिणी गोड होतील, पैसे पोचतील, तुमचं तोंड काळं होणार नाही. आणि 'अरेच्चा' जरा बरं म्हणा. मुलाच्या नाटकात म्हणाला होतात तसं नको."

बेत ठीक होता. अडचण एकट्या मेव्हण्याची झाली. काम त्याचं होतं.

"माझ्या खुर्चीत करकर?" तो हातोडी खाली ठेवून म्हणाला. "दाजी, त्या खुर्चीवर हत्ती बसला, तर आवाज हत्तीचा येईल!"

"अरे, गिऱ्हाइकाचं समाधान."

"त्यांनी तक्रार केली?"

"नाही."

"मग कुणी केली?"

तीस वर्षांत मिस्त्रींनी स्वतःच्या कामात कधी खोट मान्य केली नव्हती. आता कुठे मान्य करायची म्हटलं, तर ती दुसऱ्याच्या माथी मारावी लागत होती. "तुझं काम चांगलंच आहे रे," ते म्हणाले. मेव्हण्याने दिवसभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. खरं तर मिस्त्रींना तेच जरा बरं वाटलं. कोणीतरी योग्य माणसावर रागावलं होतं, रागाचं कारण चुकीचं असलं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री पिशवी घेऊन बहिणींच्या घरी गेले. पिशवीत हातोडी, दाभण, दोरा, मूठभर काथ्या, आणि काथ्याच्या खाली पुडकं.

"करकर?" थोरली म्हणाली. "मला नाही ऐकू आली. मिस्त्री, तिला विचारा, तिने ऐकली का."

"मिस्त्री, त्यांना सांगा, मी त्या खुर्चीला हात लावत नाही. बोटांचे ठसे उमटतात."

मिस्त्रींनी खुर्ची उलटी केली, बहिणींकडे पाठ करून बसले आणि खालचं कापड उसवायला घेतलं. डोळे पिशवीवर होते, त्यामुळे टाके कोणाच्या हातचे आहेत इकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. पिशवीतून काथ्या काढल्यासारखं करत पुडकं आत सरकवलं. थोडं थांबले. मग म्हणाले, "अरेच्चा!"

मुलाच्या नाटकापेक्षा बरं झालं.

"काय झालं?"

"बाई, हे बघा! आत पार कोपऱ्यात, काथ्याच्या खाली दबलं होतं!"

धाकटी धावली. पुडकं बघून तिने दोन्ही हात गालांवर ठेवले आणि एकदम रडायला लागली. "बघ! बघ ताई! मी म्हटलं होतं ना?" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती थेट बोलली. मिस्त्री वळून हसत थोरलीकडे बघू लागले, शाबासकी घ्यायला जरासे तयार होऊनच.

थोरली हसत नव्हती.

"कुठल्या कोपऱ्यात?" तिने विचारलं.

"हा इथे, बाई. डावीकडे."

"मी बघितलं होतं तिथे." तिचा आवाज फार हळू झाला होता. "खुर्ची आली त्याच दिवशी. ही चिमी आंघोळीला गेली होती तेव्हा. मी कापड उसवलं, चारही कोपऱ्यांत हात घातला, काथ्यासुद्धा पिंजून बघितला. मग पुन्हा शिवून टाकलं. आत्ता तुम्ही उसवलेत ते टाके माझे आहेत."

मिस्त्रींनी हातातल्या कापडाकडे बघितलं. निळा दोरा. मेव्हणा काळ्याशिवाय शिवत नाही.

"नसेल लागलं हाताला," ते म्हणाले.

"चारही कोपऱ्यांत, मिस्त्री. दोनदा." थोरली सावकाश खाली बसली, स्टुलावर, बाजूला. "चिमे, आईचं असंच सुरू झालं होतं."

"काहीतरीच काय ताई!"

"चष्मा डोळ्यांवर असायचा आणि घरभर शोधायची. आपण हसायचो. मग एक दिवस तिने तुला विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात म्हणून. आठवतं?" थोरलीने कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर, बहिणीच्या बाजूला सरकवली. "इतके दिवस मी तुझ्याबद्दल नको ते मनात आणलं. तू घेतले नव्हतेस. माझ्याच हाताखाली होते आणि मला कळले नाहीत. आता कपाट, बिलं, सगळं तू बघ. आणि त्या भाचीला फोन लाव. ती म्हणत होती ना, एखादी चांगली जागा आहे म्हणून. देखभाल करतात. माझं डोकं अजून थोडं चालतंय तोवर सही करून टाकते."

"ताई, नको ना गं असं बोलू!" धाकटी तिच्यापाशी खाली बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

आता मिस्त्रींनी उठायला हरकत नव्हती. पैसे पोचले होते. बहिणी एक झाल्या होत्या. दुकानाचं नसलेलं नाव शाबूत होतं. बायकोने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं पार पडलं होतं, आणि त्याची किंमत म्हणून एका म्हाताऱ्या बाईने नुसती आपल्या डोक्यावरची मालकी सोडली होती. हातोडी पिशवीत टाकायची आणि "येतो बाई" म्हणायचं, एवढंच. मिस्त्रींनी हातोडी पिशवीत टाकली. पुन्हा काढली. पुन्हा टाकली.

"बाई," ते म्हणाले, "ते तिथे नव्हतं."

कोणी ऐकलं नाही.

"बाई, तुम्ही बघितलंत तेव्हा ते तिथे नव्हतं! माझ्याकडे होतं. मी आत्ता ठेवलं."

थोरलीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यातून ती हसली. "मिस्त्री, तुम्ही फार भले आहात. मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"नाही हो बाई! भला नाही मी! मी घेतलं होतं. तुमचा फोन आला तेव्हा ते माझ्या खिळ्यांच्या डब्यात होतं."

"असू द्या, असू द्या. आईलाही शेजारी असंच समजवायचे."

"धाकट्या बाई, तुम्ही तरी सांगा त्यांना! जिन्यात तुम्ही विचारलंत, मी नाही म्हणालो. धडधडीत खोटं बोललो!"

"तुमच्यासारख्या माणसाने कशाला घ्यायला हवं?" धाकटी डोळे पुसत म्हणाली. "उगाच स्वतःवर नका घेऊ."

मिस्त्री दोनदा खोटं बोलले तेव्हा दोन्ही वेळा बिनतक्रार पटलं होतं. आता खरं बोलत होते, तर ते कोणी घ्यायलाच तयार नाही. "बाई, मी खरंच चोर आहे हो!" ते काकुळतीला येऊन म्हणाले. "मला शिलाईचं मशीन घ्यायचं होतं. थांबा, बायकोला विचारा. तिला सगळं माहीत आहे." त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, तोच धाकटीने तो हातातून काढून घेतला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"हॅलो!" बायकोचा आवाज खोलीभर घुमला. "झालं का?"

"अगं, मी बाईंच्या घरी आहे. त्यांना खरं काय ते सांग."

"अगं बाई! नमस्कार हो बाई! सापडलं ना खुर्चीत? मला वाटलंच होतं! आमचे हे दुसऱ्याच्या काडीलाही हात लावायचे नाहीत. लग्नात मी माझी अंगठी हरवली होती तर ह्यांनी..."

"अगं, ते नाही! खरं सांग, खरं!"

मग हलक्या आवाजात, पण खोलीतल्या सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं:

"कुठलं खरं? आपलं ठरलेलं, की खरं खरं?"

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. धाकटीने फोन बंद केला. अशा वेळी लाइन तोडायचा तिला जन्माचा अनुभव होता.

मग थोरलीने विचारलं, "मी उसवलं त्या दिवशी आत काही नव्हतं?"

"नाही बाई."

"कुठल्याच कोपऱ्यात?"

"कुठल्याच नाही. तुम्ही अगदी बरोबर बघितलं होतंत."

"पुन्हा सांगा."

मिस्त्रींनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. प्रत्येक वेळी बाईंचा चेहरा थोडा थोडा उजळत गेला, आणि प्रत्येक वेळी मिस्त्रींचा तितकाच खाली गेला. त्यांनी शिव्यांची तयारी ठेवली होती, पोलिसांचीही ठेवली होती. समोरच्या बाईला आपल्या चोरीने इतका आनंद होईल, याची तयारी नव्हती.

"म्हणजे मी ठीक आहे," थोरली म्हणाली. तिने टेबलावरची किल्ली उचलून पुन्हा कमरेला खोचली. "चिमे, ऐकलंस? ह्यांनी चोरलं होतं! माझं डोकं शाबूत आहे!"

धाकटी तिच्या गुडघ्यापासून उठली होती आणि जरा दूर उभी होती.

"ऐकलं," ती म्हणाली. "आणि माझं काय?"

"तुझं काय?"

"तू फोन केलास, एक परका माणूस 'नाही' म्हणाला. तुला पटलं. घरी मी 'नाही' म्हणाले, ते पटलं नाही. मी पन्नास वर्षं तुझ्या ताटाला ताट लावून जेवतेय, ताई."

थोरली मिस्त्रींकडे वळून बघू लागली, जणू हेही त्यांच्याकडेच कुठेतरी ठेवलेलं असावं आणि ते काढून देतील. मिस्त्री पिशवीकडे बघत होते. पिशवीत यासाठी काही अवजार नव्हतं.

"बाई, मी येतो," ते कसेबसे म्हणाले.

"कुठे येता?" धाकटी म्हणाली. "खुर्ची अशी उघडी टाकून? आधी शिवा ती."

मिस्त्री मुकाट्याने पुन्हा खाली बसले. दाभणात दोरा ओवायला त्यांना तीनदा चाटावा लागला. थोरलीने स्टूल ओढून एका बाजूने बसकण मारली. धाकटी दुसऱ्या बाजूने जमिनीवर बसली. एकमेकींकडे दोघीही बघत नव्हत्या. दोघी मिस्त्रींच्या हातांकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत मिस्त्रींनी कित्येक खुर्च्यांची पोटं शिवली होती, पण ती शिवताना कधी कोणी थांबून बघितलं नव्हतं.

"आता काय घातलंत आत?" थोरलीने विचारलं.

"काथ्या आहे बाई."

"दाखवा."

मिस्त्रींनी काथ्या बाहेर काढला, पिंजून दाखवला, पुन्हा आत ठेवला.

"हात?" धाकटी म्हणाली.

मिस्त्रींनी दाभण मांडीवर ठेवलं आणि दोन्ही तळहात उघडे करून, आधी एकीसमोर आणि मग दुसरीसमोर धरले. दोघींनी नीट बघून घेतलं. मग त्यांनी पुढचा टाका घातला.